मैनेला बघायला धारला

धारला लोक मांडवला, म्हणजे मांडूला, जाता जाता थांबतात. चहा घेतात, किल्ल्याच्या भिंतीपुढे फोटो काढतात आणि पुढे सरकतात. मी मात्र सांगलीहून निघाले ती नेमकी धारलाच जायला, आणि तिथं जाऊन एका गाडीखाली उताणी पडायला. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, मांडव कसं वाटलं? मांडव मी पाहिलंच नाही. मांडवच्या रस्त्यावरच्या शेळ्या पाहिल्या, त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

गाडी दोन माणसांची, उघड्या छपराची, विलायतेत बनलेली आणि वयानं माझ्यापेक्षा थोडी धाकटी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की जाणकार मंडळी जागी होतात आणि 'त्या साली त्या गाडीला तसले दिवे नव्हतेच' असं कळवत बसतात. तिच्या घरी तिला मैना म्हणायचे, तेच आपण म्हणू.

मी दातांची डॉक्टर. दवाखाना गेल्या वर्षी सुनेच्या हाती सोपवला आणि घरी बसले. बसले म्हणजे फोनवर जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघत बसले. मैनेचा फोटो माझ्या मावसभावानं, अविनाशनं, देवासहून पाठवला. त्याचे वडील, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, कारखान्यात नोकरी लागली म्हणून देवासला गेले ते तिथलेच झाले. अविनाशही आता तिथल्याच एका कारखान्यात मशिनांची देखभाल बघतो.

"दोन सीटची?" आमचे हे म्हणाले. "आणि तिसरा माणूस आला तर?"

"तो येऊ नये म्हणूनच."

हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. धरण असो की बायको, भिंतीला तडा कुठं आहे ते आधी बघायचं, ही त्यांची जन्माची सवय. "लोखंड गंजतं," एवढं बोलून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

मला ती गाडी हवी होती. का हवी, याचं शहाण्यासारखं उत्तर माझ्यापाशी नाही. उभा जन्म मी एका खोलीत, एका दिव्याखाली, लोकांच्या उघड्या तोंडात बघण्यात घालवला. आता स्वतः उघड्यावर यावं, वारा तोंडावर घ्यावा आणि गाडी आपल्या हातात असावी, असं फार वाटत होतं. इतकं वाटत होतं की ह्यांना ते नीट सांगताही येईना, उगाच डोळ्यांत पाणी यायचं आणि मग मी चिडायचे.

गाडी धारला होती आणि तिच्या मालकीणबाईंची अट एकच होती. घेणाऱ्यानं स्वतः यावं आणि स्वतः चालवून दाखवावी. दलाल नको, ड्रायव्हर नको. अविनाशनं आणखी एक बातमी दिली. इंदूरकडचे एक रिसॉर्टवालेही तिच्या मागं लागले होते. त्यांना ती हिरवळीवर उभी करून लग्नाआधीच्या फोटोंसाठी हवी होती. म्हणजे मैना आयुष्यभर गुलाबाच्या हारांत उभी राहणार आणि नवरा-नवरी तिच्या बॉनेटवर रेलणार. हे ऐकलं त्याच संध्याकाळी मी तिकीट काढलं.

देवास

जुनी गाडी बघायची तयारी म्हणजे लग्नाच्या तयारीसारखी, घरातल्या प्रत्येकाला तिच्यात मत असतं. माझ्या पिशवीत एक लोहचुंबक होतं, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून जुन्या मोज्यात घातलेलं. पत्र्याला चुंबक चिकटलं नाही तर रंगाखाली पुट्टी थापलीय असं समजायचं. खाली अंथरायला चटई होती, विजेरी होती, इंजिनाखाली रात्रभर पसरून तेल गळतंय का बघायला पांढरी चादर होती, आणि माझी खास हत्यारं होती : तोंडात घालायचा छोटा आरसा आणि कीड टोकरायची सळई. दाराखालच्या पत्र्याच्या आत गंज आहे का, हे बघायला जगातल्या कुठल्याही मेकॅनिकपाशी याहून चांगलं साधन नाही. शिवाय सांगलीचं भडंग होतं.

भडंगाचं देवासमध्ये काय झालं ते आधी सांगते. माझी भावजय, अविनाशची बायको वृंदा, हिनं पाकीट फोडलं, परातीत ओतलं आणि माझ्यादेखत त्यावर मूठभर शेव टाकली. मग कांदा, मग लिंबू, मग जीरावन नावाचा मसाला. माळव्यात कुठलाही पदार्थ शेव टाकल्याशिवाय पूर्ण झाला असं मानत नाहीत. सकाळी पोह्यांवर शेव होती, पोह्यांत बडीशेप होती, आणि बशीत पोह्यांना चिकटून गरम जिलबी. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं पडतं आणि गोड नंतर येतं. इथं गोड आणि तिखट एकाच घासात जातं. पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं, दुसऱ्या दिवशी जिलबी मागून घेतली.

"ताई, तू टेंशन नको घेऊ," अविनाश म्हणाला. "पैले इथं प्रॅक्टिस कर. आपल्या कॉलनीत चौहान भियाची सेकंडहँड गाडी उभी आहे. तिच्यावर हात साफ कर, मग धार."

मला वाटलं, यानं शेजाऱ्याला विचारलं असेल. त्याला वाटलं, शेजाऱ्याला काय विचारायचं. मी चटई पसरली, गाडीखाली शिरले, आरसा लावून सगळं बघितलं, बाहेर आले आणि चुंबक फिरवायला लागले. पुढच्या दाराला चिकटलं. मागच्या दाराला लावलं तर ते मोज्यासकट खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

"पुट्टी आहे रे," मी मोठ्यानं म्हणाले. "चांगली बोटभर. हे दार ठोकलं गेलंय कधीतरी."

मागं चौहान भिया बनियनवर उभे होते. गाडी त्यांनी सख्ख्या साडूकडून घेतली होती, एकही ओरखडा नाही या शब्दावर. त्यांनी माझ्या हातातून चुंबक घेतलं, स्वतः लावून पाहिलं, ते पडलं, आणि त्यांनी तिथल्या तिथं साडूला फोन लावला. पुढचा तासभर सगळी कॉलनी तो फोन ऐकत होती. त्यांची बायको मधेमधे बाहेर येऊन माझ्याकडे बघून जायची, कारण साडू म्हणजे तिच्या बहिणीचा नवरा. शेवटी चौहान भियांनी चुंबक मला परत दिलं. "दीदी," ते हात जोडून म्हणाले, "ये अंदर रखो. मोहल्ले में और भी गाड़ियाँ हैं."

संध्याकाळी अविनाशनं मला टेकडीवर नेलं. शुभ कामाला निघायचं तर देवीला सांगून निघायचं, आणि देवासला देवी एक नाही, दोन : थोरली आणि धाकटी, सख्ख्या बहिणी. त्यांचं भांडण झालं आणि दोघी एकमेकींना पाठ करून बसल्या, असं तिथं सगळे सांगतात. नारळ मात्र दोघींना फोडावा लागतो, एकीला फोडून परत आलं तर दुसरी रुसते. मी दोघींना सांगितलं, गाडीला गंज नसू दे. बहिणींच्या भांडणाकडे तेव्हा फार लक्ष दिलं नाही.

धार, मंगळवारी

कुमुदताईंचं घर उताराच्या गल्लीच्या तळाशी आहे. बैठं, पुढं ओटा, बाजूला पत्र्याची शेड. ताई भूगोलाच्या शिक्षिका होत्या, आता पंचाहत्तरीच्या पुढं आहेत. त्यांचे वडील तात्या बांधकाम खात्यात होते. मुंबईत कुणी साहेब मायदेशी परत चालला होता, त्याच्याकडून त्यांनी ही गाडी घेतली. पुढं ताई तीच गाडी घेऊन शाळेत शिकवायला जात. त्यांच्याबरोबर धाकटी बहीण शरयूताई राहतात. थोरल्या उंच आणि कडक, केस कापलेले. धाकट्या ठेंगण्या, डोक्यावर पदर, हातात सतत काहीतरी : वाती, नाहीतर लसूण.

"बसावं," कुमुदताई म्हणाल्या. "प्रवास सुखाचा झाला ना? आधी चार घास घ्या. रिकाम्या पोटी गाडी बघू नये, काहीही आवडतं."

पोहे आले, अर्थात शेव घालून. मी खात होते आणि ताई प्रश्न विचारत होत्या. चालवताना चप्पल घालता की बूट? रस्त्यात बंद पडली तर आधी काय बघाल? पाऊस आला तर?

"थांबून छप्पर चढवीन," मी म्हणाले.

"चूक. छप्पर चढेस्तोवर पाऊस थांबतो आणि तुम्ही भिजलेल्या असता. चालवत राहायचं. वेगात असलं की पाणी डोक्यावरून जातं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, गाडी बघायला मी आले होते, पण बघण्याचा कार्यक्रम माझा चालला होता. अविनाश शेजारी बसून हसू दाबत होता.

मग शेडचं दार उघडलं. मैना मुळात हिरवी असणार. आता तिचा रंग मुरलेल्या कैरीच्या लोणच्यासारखा झाला होता. पुढं दोन गोल दिवे, लांब नाक, आत लाकडी स्टिअरिंग. मी तिच्याभोवती एक फेरी मारली. डॉक्टरनं पेशंटसमोर चेहरा कोरा ठेवायचा असतो, ते मला जमतं.

चटई पसरून मी खाली गेले. आरसा लावला, सळईनं टोकरलं. दाराखालचा पत्रा घट्ट होता. डाव्या चाकाच्या मागं थोडी कीड होती, वेळेवर भरली तर चालेल अशी. दारांना चुंबक चिकटलं, मागच्या पत्र्याला चिकटलं. मग मी बॉनेटला लावलं आणि ते घसरून खाली पडलं. दुसऱ्या बाजूला लावलं, पडलं. मधोमध लावलं, पडलं.

"अवि," मी म्हणाले, आणि चौहान भियांचा अनुभव ताजा असल्यामुळे आवाजात जरा अधिकार आला, "अख्खं बॉनेट पुट्टीचं आहे."

शरयूताईंनी लसूण सोलणं थांबवलं.

"बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, डॉक्टरीणबाई," कुमुदताई म्हणाल्या. "या गाडीचं तसंच येतं. हे तुमच्या व्हिडिओत सांगत नाहीत वाटतं?"

माझं तोंड मैनेच्या आताच्या रंगासारखं झालं असावं. अविनाश पाठ करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलत होते.

पुढं चालवायची पाळी आली. ताई शेजारी बसल्या. अविनाश त्याच्या गाडीतून मागं. गल्ली चढून, वस्ती सोडून आम्ही मांडवच्या रस्त्याला लागलो. थांबल्याशिवाय पहिला गिअर पडत नाही, हे मला पाठ होतं, पण हाताला पाठ नव्हतं. मी तो तसाच घातला तेव्हा आतून जो आवाज आला, तो ऐकून ताईंनी डोळे मिटले. माझे पेशंट ड्रिल सुरू झालं की मिटतात तसे.

"रागावून नाही," त्या म्हणाल्या. "मागायचा. गिअर मागून घ्यायचा असतो."

मग तिसरा मिळाला, मग चौथा. दोन्हीकडं गव्हाची शेतं, मधे पळस, वर नुसतं आकाश. वारा कानात भरला. मी मोठमोठ्यानं हसत होते, आणि हसते आहे हे मला नंतर कळलं. इतका आनंद मला मुलगा डॉक्टर झाला तेव्हाही झाला नव्हता. तो हे वाचणार आहे, पण खरं ते खरं. एका वळणावर रस्ताभर शेळ्या होत्या. मी घाईनं ब्रेक दाबला, मैना थांबली, आणि एका शेळीनं पुढचे पाय दारावर ठेवून ताईंच्या कानातलं हुंगलं. "ए माय, हट," ताई तिला म्हणाल्या आणि तिच्या कपाळावर थाप मारली.

चहाच्या टपरीशी थांबलो तेव्हा ताईंनी बॉनेट उघडलं, इंजिनातलं एक झाकण काढलं आणि आतून अंगठ्याएवढा काळा तुकडा उचलून माझ्या हातावर ठेवला. वर पितळेची पट्टी, आकार तान्ह्या बाळाच्या टोपड्यासारखा. त्याला रोटर म्हणतात. तो नसेल तर इंजिनला ठिणगी मिळत नाही, चावी असो नसो.

"आम्ही याला टोपडंच म्हणतो. तात्या बाजारात गाडी लावली की चोरी होऊ नये म्हणून हे काढून घ्यायचे आणि शरयूच्या मुठीत द्यायचे. तिला गाडीतलं एवढंच ठाऊक. पुढच्या सीटवर तात्यांच्या शेजारी मी. ती मागच्या फळीवर, सामानात."

"त्यांना चालत असे?"

"कुणी विचारलं तिला?" ताई चहात बघत म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की त्यांना नजरेच्या मधोमध आता डाग दिसतो. रस्ता दिसतो, पण समोरून येणारं माणूस दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. "रिसॉर्टवाल्यांना गाडी नकोच आहे हो. पाठीमागचा पडदा हवा आहे. पण ते निदान खोटं बोलत नाहीत. तुम्ही म्हणता चालवीन, चालवीन, आणि सांगलीला नेऊन तिच्यावर गोधडी घालाल. सगळे तेच करतात."

किमतीचं बोलणं परत येता येता वाटेतच आटोपलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण हो म्हणायला ताई तयार होईनात. "उद्या सकाळी या," त्या म्हणाल्या. "थंड इंजिनवर सुरू करून बघा. गरम गाडी कुणाचीही सुरू होते."

"उद्या बुधवार," शरयूताई हळूच म्हणाल्या. "अक्का, बुधवारी लेक पाठवत नाहीत."

"शरयू, ती गाडी आहे."

शरयूताई दिवा लावायला आत गेल्या. मी पांढरी चादर मैनेखाली पसरली आणि आम्ही दोघं धारमधल्याच एका लॉजवर मुक्कामाला गेलो. जेवायला दाल-पानिये मिळाले : मक्याच्या जाड भाकऱ्या, पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेल्या, वर तूप. मला घास उतरत नव्हता, पण तुपामुळे उतरला.

धार, बुधवारी

चादरीवर तेलाचा एक थेंब होता, रुपयाएवढा. या वयाला तेवढं माफ. शरयूताई देवळात गेल्या होत्या. कुमुदताई शेडच्या दारात उभ्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून.

मी चोक ओढला आणि चावी फिरवली. इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा फिरवलं. पुन्हा. अविनाशनं बाही वर केली. "पेट्रोल येतंय, ताई," तो वाकून म्हणाला. "प्लग काढतो." प्लग काढून त्यानं मला चावी फिरवायला लावली आणि मान हलवली. "करंट नाहीये."

ताईंचा चेहरा उतरला. काल मी पुट्टी म्हणाले तेव्हा मला टोमणा मारणारी बाई आज एकदम म्हातारी दिसायला लागली. नेमका तेव्हाच रिसॉर्टवाल्यांचा फोन आला. ताईंनी त्यांना सरळ सांगितलं, गाडी सुरू होत नाही. पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला : "कोई बात नहीं मैडम! चलानी किसको है? हम तो क्रेन से उठा लेंगे."

ताईंनी फोन खाली घेतला. "डॉक्टर, बंद गाडी मी तुम्हाला देणार नाही," त्या म्हणाल्या. "शिक्षकानं असं करू नये. त्यांना चालते तर घेऊन जाऊ देत."

"मला चालेल," मी म्हणाले. "मी दुरुस्त करीन."

"नाही."

तेवढ्यात अविनाश ओरडला, "ताई! इकडे बघ!" त्यानं ते झाकण उघडलं होतं. आत टोपडं नव्हतं.

मला हायसं वाटलं, पण ताईंना नाही. त्या शेडच्या भिंतीला टेकल्या.

"शरयूनं काढलं," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण काढणार? तिला एवढंच येतं. रात्री मी तिला म्हटलं, या डॉक्टरीणबाईंना देऊन टाकू. ती हो म्हणाली, आणि हे केलं. तिला मैना जाऊ द्यायची नाही." मग म्हणाल्या, "आणि मी कोणत्या तोंडानं बोलू? जन्मभर फळीवर बसवलं तिला."

म्हणजे रात्रीच ताईंनी हो म्हटलं होतं. ते मला असं कळलं, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता. दोन बहिणींच्या मधून गाडी ओढून नेणारी मी कोण? मला टेकडीवरच्या दोघी आठवल्या. मी चटई गुंडाळायला घेतली. अविनाश म्हणाला, "थांब ना ताई," पण तोही पिशवी भरायला लागला.

शरयूताई प्रसादाची वाटी घेऊन फाटकातून आत आल्या. आम्हा तिघांचे चेहरे बघून उंबऱ्याशीच थबकल्या.

"टोपडं कुठं आहे?" कुमुदताईंनी विचारलं.

शरयूताई लाल झाल्या. "तू हसशील म्हणून सांगितलं नाही, अक्का. या."

त्या गल्लीनं वर निघाल्या, आम्ही मागोमाग. दोन घरं सोडून पाटीदारांचं घर आहे. पाटीदार भाभी दारातच होत्या. "कंई हुयो, जीजी? ये तो कल से भगवान के पास बैठा है," म्हणत त्यांनी देवघराचा पडदा बाजूला केला. खाली पाटावर तांदळाची मूठ, हळकुंड, सुपारी, सव्वा रुपया आणि त्यांच्या मधोमध, नव्या खणाच्या तुकड्यावर, हळदीकुंकू लावलेलं टोपडं.

"प्रस्थान ठेवलं," शरयूताई म्हणाल्या.

ज्यांच्या घरी ही रीत उरलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्या आजोळी ती होती, मी पार विसरले होते. निघायच्या दिवशी वार चांगला नसेल तर आदल्या दिवशीच, वेळ बघून, प्रवाशाची एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू उंबऱ्याबाहेर पडली म्हणजे माणूसच निघालं असं धरायचं. मग दुसऱ्या दिवशी कुठलाही वार असो, जाता जाता ती उचलायची आणि पुढं व्हायचं.

"बुधवारी लेक कशी पाठवू? म्हणून काल दिवेलागणीनंतर, लाभाच्या चौघडीची शुभ वेळ बघून," शरयूताई पदराशी चाळा करत सांगत होत्या, "हे आणून ठेवलं. तू हो म्हणालीस ना, अक्का. म्हणजे कालच निघाली ती. या डॉक्टरीणबाईंचीच झाली."

आणि आम्ही सकाळभर रिकाम्या इंजिनला ठिणगी मागत बसलो होतो. अविनाशनं कपाळावर हात मारला. मी पाटाकडे हात नेला, टोपडं उचलून शेडकडे पळावं म्हणून. पण शरयूताईंनी माझं मनगट धरलं.

"परत घरात न्यायचं नाही. प्रस्थान माघारी नेलं की प्रवास मोडतो."

"अहो, पण ते बसवल्याशिवाय गाडी इथवर येणार कशी?"

शरयूताईंनी याचा विचार केलेला नव्हता. सगळे कुमुदताईंकडे बघायला लागले. त्या भूगोलाच्या बाई, चौघडीला हसणाऱ्या. त्यांनी पदर खोचला.

"ढकला," त्या म्हणाल्या.

गल्ली चढाची आहे हे मी आधी सांगितलंच आहे. ढकलायला अविनाश, मी, पाटीदार भाभी, त्यांचे मिस्टर आणि एक भाजीवाला, जो हातगाडी सोडून "लो भिया, हाथ लगाओ" म्हणत आपण होऊन आला. स्टिअरिंगवर कुमुदताई. त्यांनी आत बसून शेजारच्या सीटवर हात आपटला.

"शरयू, बस."

"मी फळीवर..."

"इथं बस म्हणते ना."

शरयूताई पुढच्या सीटवर बसल्या. डोक्यावरचा पदर सरकला तो त्यांनी सारखा केला नाही. आम्ही ढकलत होतो आणि मैना इंजिनाविना, नुसती चाकं कुरकुरत, वर जात होती. दोघी बहिणी समोर बघत ताठ बसल्या होत्या. धापा टाकण्यात माझाच नंबर पहिला होता.

पाटीदारांच्या दाराशी थांबलो. टोपडं शरयूताईंनी आपल्या हातानं बसवलं, हळदीकुंकवासकट. अविनाश पुसायला गेला असता तर त्यानं मार खाल्ला असता. झाकण लागलं, मी बसले, चोक ओढला. मैना पहिल्याच फटक्याला पेटली आणि तिच्या आवाजानं गल्लीतले पारवे उडाले. पाटीदार भाभींनी टाळ्या वाजवल्या. शरयूताईंनी शेजारच्या सीटवर नारळ आणि तांदूळ ठेवले, म्हणजे मैनेची ओटी भरली, आणि वर शेवेचं एक पुडकं ठेवलं, ते माझ्यासाठी.

कुमुदताई दाराला धरून उभ्या होत्या. त्यांनी मला पहिल्यांदाच अगं-तूगं केलं. "गोधडी घालशील तर बघ."

"नाही घालणार."

"पावसात?"

"चालवत राहीन."

"जा मग. मागं वळून बघायचं नसतं."

"आरशात बघितलं तर?"

त्यांनी शरयूताईंकडे पाहिलं. शास्त्र त्यांना कुठं ठाऊक होतं. "आरशातलं चालतं," शरयूताई म्हणाल्या.

मी गिअर रागावून घातला नाही, मागितला. तो मिळाला. गल्ली संपेपर्यंत मी समोर बघत गेले, आणि मुख्य रस्त्याला वळायच्या आधी आरसा बघितला. आरशातून बघायची मला सवय आहे, माझा जन्मच त्यात गेला. तो इंजिनबरोबर थरथरत होता, त्यामुळे नीट दिसलं नाही. पण दोघी पाठ करून उभ्या नव्हत्या एवढं नक्की दिसलं. थोरलीनं धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि धाकटी तिला, मी आता कुठं आहे, ते बोट दाखवून सांगत होती.